पोशाख स्टुडिओचा

हणमंतराव कित्तूरकर जपान्यांच्या कैदेत साडेतीन वर्षं होते, हे बेंगळूरच्या एचएसआर लेआउटातल्या ज्या मराठी माणसाला माहीत नसेल, तो काल संध्याकाळीच सामान घेऊन उतरला असं खुशाल समजावं. त्यांचे चिरंजीव चंद्रकांतराव ही गोष्ट सांगून कधी दमत नसत. वय ब्याऐंशी, सरकारी कारखान्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त, गुडघे कामातून गेलेले, पण कैदेचा विषय निघाला की आवाज खणखणीत. सिंगापूर पडलं, पलटण सापडली, भाताची पेज आणि उंदीर खाऊन वडील जगले, आणि पंचेचाळीसच्या दिवाळीत हाडांचा सापळा होऊन दारात उभे राहिले तेव्हा बायकोनेही, म्हणजे हेमलताबाईंनीही, त्यांना ओळखलं नाही. इथे चंद्रकांतराव थांबत आणि चष्मा पुसत. कुठे थांबायचं ते त्यांना पन्नास वर्षांच्या सरावाने पाठ होतं.

सुखदा ही त्यांची एकुलती एक मुलगी. पन्नाशीला टेकलेली, व्हाइटफील्डच्या एका कंपनीत क्वालिटी मॅनेजर. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या चुका दिवसभर शोधायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. तिचं लग्न सात वर्षं टिकलं, मग ती वडिलांकडे आली ती कायमची. माणसांवरचा विश्वास तेव्हाच उडाला होता. आजोबांच्या कैदेवर मात्र तिची देवावर असावी तशी श्रद्धा होती. आपल्या घरात एक तरी माणूस असा होऊन गेला, या एका गोष्टीवर तिने वाईट दिवस काढले होते. दुसऱ्यांच्या कामात बारीक चूक दिसायची, घरातली गोष्ट तिने कधी तपासली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

यंदा तिथल्या मराठी मित्रमंडळाने सव्वीस जानेवारीला ‘आपल्या घरचे सैनिक’ असं प्रदर्शन ठरवलं, आणि नव्या वाचनालयाच्या खोलीला हणमंतरावांचं नाव द्यायचा ठरावही केला. चंद्रकांतरावांना याहून दुसरं काही नको होतं. नावाची पाटी डोळ्यांनी बघितली की मी सुटलो, असं ते दिवसातून दोनदा म्हणत. मंडळाचा चिटणीस शंतनु, पुण्याहून आलेला तिशीतला पोरगा, सुखदाला म्हणाला की काकू, काचेवर ग्लेअर येतो, फ्रेममधून फोटो बाहेर काढूनच स्कॅन करावा लागेल. म्हणून शनिवारी तिने हॉलमधला आजोबांचा गणवेशातला मोठा फोटो भिंतीवरून उतरवला, जुन्या चादरीत गुंडाळला आणि रिक्षाने मारतहळ्ळीला फ्रेमवाल्याकडे नेला.

फ्रेमवाल्याने पाठीमागचा खाकी कागद सोलला, गंजलेले खिळे पकडीने उपटले आणि प्लायवूड उचललं. मग तो थांबला. "मॅडम, स्वल्प नोडी," जरा बघा, असं म्हणून त्याने आतून पाच फोटो काढून काउंटरवर ठेवले. प्लायवूड आणि मोठा फोटो यांच्या मधे ते दाबून बसवलेले होते.

हणमंतरावांना एक खोड होती. आयुष्यभर गोदामांत स्टोअरकीपर म्हणून राबलेला माणूस, प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी हवी. लोणच्याच्या बरणीवर, छत्रीच्या दांड्यावर, औषधाच्या बाटलीवर त्यांच्या बारीक, उभ्या अक्षरात नाव, ठिकाण, तारीख. खोटं आयुष्य जगणाऱ्या माणसाने निदान फोटोमागे तरी खरं लिहू नये. पण सवय कुणाचं ऐकते?

सुखदाने तिथल्याच स्टुलावर बसून पहिला फोटो उलटला. ‘कबन पार्क, बेंगळूर. मे १९४२. सायकल स्वतःची.’ पुढच्या बाजूला आजोबा सायकलला टेकून उभे, केसांचा कोंबडा काढलेला, बोटांत सिगारेट. तिने महिना पुन्हा वाचला. सिंगापूर पडलं फेब्रुवारीत. दुसऱ्या फोटोत ते एका गोदामाच्या फाटकापाशी चार जणांबरोबर उभे होते आणि त्यांचं पोट सुटलेलं होतं. मागे ‘डिसेंबर १९४३’. ज्या डिसेंबरात ते उंदीर खात होते तोच तो. तिसऱ्यात मुंडावळ्या बांधलेले आजोबा आणि शेजारी हेमलताआजी. ‘सौ. हेमलतेसह. विवाहदिन. बेंगळूर, फेब्रुवारी १९४४.’

तिने घाईघाईने गणवेशातला मोठा फोटो उलटा केला. आता यावर तरी पलटणीचं नाव असेल, अशी तिला वेडी आशा होती. तिथे लिहिलं होतं, ‘बेंगळूर, ऑगस्ट १९४५. पोशाख स्टुडिओचा.’

तिला आजोबांची किळस आली. पण अजून दोन फोटो उरले होते. चौथ्यात विशीच्या आतली एक मुलगी तान्हं मूल मांडीवर घेऊन बसली होती. तिचा जाडजूड शेपटा खांद्यावरून पुढे घेतला होता आणि तो बाळाच्या मुठीत होता. मुलगी हसत होती. तिची डावी भुवई मधेच तुटलेली होती, आणि ती भुवई सुखदाला ओळखीची होती. मागे लिहिलं होतं, ‘सौ. कस्तुरा व चि. चंद्रकांत, वय तीन महिने. धारवाड, जून १९४१.’

कस्तुराबाई म्हणजे मल्लेश्वरमच्या जुन्या घरातली स्वयंपाक करणारी बाई. कुणा लांबच्या भावकीतली विधवा, आजोबांनी दया येऊन ठेवून घेतलेली, असं सुखदाला लहानपणी सांगितलं होतं. घरात सगळे तिला नुसतं कस्तुराबाई म्हणत. काकू, आत्या, आजी, कुठलंच नातं तिला लावत नसत. तांबडं आलवण, डोक्यावरून पदर, आणि दर पंधरा दिवसांनी मागच्या दाराने न्हावी यायचा. शाळेच्या दिवसांत सुखदाच्या दोन वेण्या रोज तीच घालायची. खोबरेल चोळून, भांग सरळ पाडून, इतक्या सावकाश की बस चुकायची आणि सुखदा तिच्यावर खेकसायची. सुखदाच्या लग्नाच्या आधी पंधरा दिवस तिला मिरजेजवळच्या एका आश्रमात पाठवलं. चार महिन्यांत ती गेली, आणि तिला अग्नी दिल्यावर आठवड्याने पत्र आलं. पाठवायचं ते मोठ्यांनी ठरवलं होतं, आपण तेव्हा साड्यांच्या खरेदीत होतो, असं सुखदा पंचवीस वर्षं स्वतःला सांगत आली होती.

पाचवा फोटो मुंजीचा. ‘चि. चंद्रकांत, मातृभोजन. मल्लेश्वरम, १९४९.’ मुंज लागण्याआधी मुलगा आईच्या ताटात शेवटचं जेवतो. पाटावर आठ वर्षांचा चंद्रकांत, शेजारी शालू नेसलेली हेमलताआजी, घास भरवताना. आणि मागे, स्वयंपाकघराच्या दारात, एका हाताने चौकट धरून उभी असलेली आलवणातली बाई.

म्हणजे अण्णांची, तिच्या वडिलांची, आई दारात उभी होती आणि अण्णा दुसरीच्या हातून घास घेत होते. फ्रेमवाल्याने पाणी दिलं आणि बीपी आहे का, असं हिंदीत विचारलं.

दोन दिवस तिने फोटो ऑफिसच्या बॅगेत ठेवले. अण्णांना पेसमेकर होता. ब्याऐंशीव्या वर्षी माणसाला सांगायचं तरी कसं, की ज्यांची पाटी लागणार आहे ते बोटीवर चढलेच नव्हते, आणि ज्या बाईने तुम्हाला पन्नास वर्षं जेवू घातलं ती तुमची आई होती? ते कोसळतील, अशी तिला धास्ती वाटत होती. पण रडू येत होतं ते कस्तुराबाईसाठी. त्या बाईला निदान एकदा, एका भिंतीवर, आई म्हणून नाव मिळावं, एवढंच तिला आता हवं होतं. पाटी गेली तरी चालेल. सोमवारी तिने रजा टाकली आणि दुपारच्या कॉफीनंतर पाचही फोटो वडिलांसमोर टीपॉयवर मांडले.

चंद्रकांतरावांनी चष्मा लावला. फोटो एकेक करून उचलले आणि तारखेप्रमाणे नीट ओळीने लावले.

"सापडले का," ते म्हणाले. "मीच ठेवले होते. अप्पांनी, तुझ्या आजोबांनी, जाळायला दिले होते मला. आळस केला."

सुखदाने सगळी तयारी केली होती. गोळ्या जवळ होत्या, डॉक्टरांचा नंबर काढून ठेवला होता. या उत्तराची तयारी मात्र नव्हती. ती चाचरत म्हणाली, "अण्णा, ही... ही तुमची आई आहे."

"आहे. आठव्या वर्षापासून माहीत आहे मला."

मग त्यांनी सगळं सांगितलं, कारखान्यातला जुना बिघाड समजावून द्यावा तसं, न अडखळता. हणमंतराव भरती झाले ते भावाशी भांडून. मुंबईच्या धक्क्यापर्यंत गेले, बोट बघून घाबरले आणि गर्दीत मागच्या मागे सटकले. बोट गेली, नाव यादीत राहिलं, सिंगापूर पडल्यावर सगळी यादीच बेपत्ता ठरली. हे महाशय बेंगळुरात एका लष्करी कंत्राटदाराच्या गोदामात चिकटले आणि मजेत राहिले. घरी पत्र टाकलं तर पकडले जाऊ, ही भीती. पुढे हेमलता भेटली, तेव्हा पत्र टाकायची गरजही उरली नाही.

तिकडे धारवाडात हणमंतरावांच्या म्हाताऱ्या वडिलांनी दीड वर्ष वाट पाहिली. मग शास्त्रीबुवांना विचारून पालाशविधी केला. देह सापडत नाही तेव्हा पळसाच्या तीनशेसाठ पानांचा माणूस करून त्याला अग्नी देतात, तो विधी. अडीच वर्षांच्या चंद्रकांतचा हात धरून त्याच्याकडून अग्नी देववला. दहाव्या दिवशी न्हावी बोलावला. कस्तुरा तेव्हा विशीची होती. चार बायकांनी तिचे हात धरले होते.

"आणि ते परत आल्यावर?" सुखदाने विचारलं.

"शास्त्रात सोय आहे," चंद्रकांतराव म्हणाले. "जिवंतपणी ज्याचं क्रियाकर्म झालं तो परत आला, तर त्याचा नवा जन्म करतात. जातकर्म, बारसं, मुंज, सगळं पहिल्यापासून. आणि लग्न पुन्हा त्याच बायकोशी. अप्पांनी सगळं यथासांग केलं. फक्त बायको बदलली."

टक्कल केलेल्या बाईबरोबर बोहल्यावर उभा राहू का, असं त्यांनी चारचौघांत विचारलं म्हणे, आणि चारचौघांना ते पटलं. हेमलतेशी धारवाडात दुसऱ्यांदा लग्न लागलं. त्या लग्नाचा स्वयंपाक कस्तुराने केला. मग बिऱ्हाड बेंगळूरला हललं, तेव्हा मूल सांभाळायला आणि चुलीपाशी कुणीतरी हवं म्हणून तिला बरोबर आणलं. नव्या गावात कोण विचारतो? नवरा जिवंत, मुलगा जिवंत, आणि दोघांना वाढून झाल्यावर ही विधवा एका वेळेला जेवायची.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तिनेच." इथे मात्र ते क्षणभर थांबले, आणि हे थांबणं सरावाचं नव्हतं.

मुंजीच्या आदल्या दिवशी ती लाडू वळत होती. तिने चंद्रकांतला जवळ बोलावलं आणि सांगितलं की उद्या तू दुसरीच्या ताटात जेवशील, त्याआधी माझ्या हातचा एक घास खा, तू माझा आहेस. चंद्रकांतने घास तोंडातून थुंकला आणि धावत जाऊन हेमलताबाईंना सांगितलं. हणमंतरावांनी कस्तुराला न्हाणीघरात नेलं आणि जळणाच्या लाकडाने मारलं. मुलगा दारात उभा होता. दुसऱ्या दिवशी तिने ऐंशी पानांचा स्वयंपाक केला. फोटोत तिने चौकट धरली आहे, कारण तिला सरळ उभं राहवत नव्हतं.

"तुम्ही लहान होतात," सुखदा म्हणाली. तिला वडिलांना वाचवायचं होतं. "पण नंतर? मोठे झाल्यावर? नोकरी लागल्यावर? ती तुम्हाला रोज वाढायची, अण्णा."

"नंतर सवय झाली," चंद्रकांतराव म्हणाले.

सुखदाला संताप आवरेना. ती उभी राहिली आणि म्हणाली की मुख्य पॅनेलवर हाच फोटो लागेल, शेपटा असलेला, आणि खाली लिहीन, कस्तुरा हणमंतराव कित्तूरकर, चंद्रकांतची आई. शंतनुला आत्ता फोन करते. खोलीचं नाव गेलं खड्ड्यात. तुमच्याने झालं नाही ते मी करणार.

चंद्रकांतरावांनी तिचं बोलणं पुरतं होऊ दिलं. मग पेला उचलून उरलेली गार कॉफी प्यायले.

"सरी, ठीक आहे," ते म्हणाले. "लाव. पण मजकूर पूर्ण लिही. नव्याण्णवच्या जानेवारीत नातीने स्वतःच्या आईला सांगितलं, माझ्या लग्नाच्या अल्बमात ते टक्कल दिसता कामा नये, तिला कुठेतरी पाठवा. मी जिन्यापाशी होतो. ती आत डाळ निवडत होती, दार उघडं होतं. संध्याकाळी तिने स्वतःच गाठोडं बांधलं. पन्नास वर्षं मी तिला घरात ठेवली, सुखदा. बाहेर तू काढलीस."

सुखदा खाली बसली. हे खोटं आहे असं ती म्हणायला गेली, पण तिला शब्दन् शब्द आठवत होता. सूरसुद्धा आठवत होता, लाडावलेल्या मुलीचा. आईने श्श केलं होतं. आतलं सूप क्षणभर थांबलं होतं आणि मग पुन्हा वाजू लागलं होतं. कस्तुराबाई जाताना सुखदा घरात नव्हती. ब्लाउज बसतोय की नाही ते बघायला ती शिंप्याकडे गेली होती, आणि त्या अल्बमातल्या माणसाने तिला सात वर्षांत सोडून दिलं.

"मुंजीचा लाव," चंद्रकांतराव समजुतीच्या सुरात म्हणाले. "कैदेतून परतलेला बाप, मुलाची मुंज. लोकांना आवडतं. दारातलं तेवढं काढून टाक."

तिने फोटो गोळा करून पुन्हा बॅगेत ठेवले. दोन दिवसांनी शंतनुचा मेसेज आला की काकू, प्रिंटिंगची डेडलाइन आज आहे, फाइल पाठवता का. तिने लॅपटॉप उघडला, मुंजीचा फोटो घेतला आणि उजवी कड आत सरकवली. आधी चौकट गेली, मग चौकटीवरचा हात, मग तुटक्या भुवईचा चेहरा. जेमतेम अर्धं मिनिट लागलं. बाकीचे चार फोटो तिने गॅसच्या शेगडीवर जाळले. आळस केला नाही.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर पाटीचं उद्घाटन झालं. साठ-सत्तर माणसं होती, उपमा आणि केसरीबात होता. चंद्रकांतरावांना खुर्चीसकट पुढे नेलं. त्यांनी माइक हातात घेतला, सिंगापूर पाडलं, पेजेपर्यंत आले आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. खरी की आणलेली, ते त्यांचं त्यांना ठाऊक. त्यांनी माइक सुखदापुढे धरला.

"उरलेलं ही सांगेल," ते म्हणाले.

सगळे तिच्याकडे बघत होते. तिने माइक घेतला. उंदीर सांगितले, पहारेकऱ्यांच्या बंदुकीचे दस्ते सांगितले, हाडांचा सापळा सांगितला. आवाज लागला तसं तिला अजून सुचत गेलं. आजोबांनी साडेतीन वर्षं आजीचा एक लहानसा फोटो सदऱ्याच्या आत शिवून जपला होता, असं तिने सांगितलं, आणि रात्री तो काढून ते म्हणत, तुझ्यासाठी मी परत येणार. हे चंद्रकांतरावांच्या गोष्टीत कधीच नव्हतं. पुढच्या ओळीत एक बाई पदराने डोळे पुसू लागली. शंतनु मोबाइलवर चित्रण करत होता आणि त्याचेही डोळे भरले होते. टाळ्या बराच वेळ वाजल्या.

नंतर पॅनेलपाशी गर्दी झाली. मंडळातल्या सगळ्यांत वयस्कर जमनाबाई काठी टेकत आल्या आणि मुंजीच्या फोटोसमोर उभ्या राहिल्या. त्यांनी घास भरवणारा हात बराच वेळ न्याहाळला आणि फोटोला नमस्कार केला.

"एवढी वर्षं वाट बघायची म्हणजे काय खायचं काम आहे?" त्या म्हणाल्या. "पोराच्या तोंडात घास घालताना काय वाटलं असेल त्या माउलीला. नाव काय गं तुझ्या आजीचं?"

"हेमलता," सुखदा म्हणाली.

पहिल्या रांगेतल्या खुर्चीतून चंद्रकांतरावांनी समाधानाने मान हलवली.